इल्या मेच्निकोव्ह

इल्या इलिच मेच्निकोव्ह (जन्म: १५ मे १८४५, इव्हानोव्का, खारकीव्ह प्रांत, रशियन साम्राज्य, मृत्यू: १५ जुलै १९१६, पॅरिस, फ्रान्स) हे प्राणिशास्त्रज्ञ, भ्रूणशास्त्रज्ञ व सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. शरीरातील काही पेशी बाहेरून आलेल्या जंतूंना गिळून पचवतात आणि हीच क्रिया रोगप्रतिकाराचा पाया आहे, हा सिद्धांत त्यांनी मांडला. या कार्यासाठी त्यांना १९०८ मध्ये पॉल एर्लिख यांच्यासमवेत शरीरक्रियाशास्त्र किंवा वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आतड्यातील जीवाणूंचे स्वरूप आहाराने बदलता येते आणि त्याचा आरोग्यावर परिणाम होतो, हा विचारही त्यांनीच प्रथम शास्त्रीय चर्चेत आणला. फ्रेंच लेखनात त्यांचे नाव एली मेचनिकॉफ असे आढळते.

मेच्निकोव्ह यांचे मूळ प्रयोग माणसावर नव्हे, तर तारामाशाच्या अळीवर आणि पाणपिसू (डॅफ्निया) या सूक्ष्म कवचधारी प्राण्यावर झाले होते. त्यामुळे कोळंबीसारख्या कवचधारी प्राण्यांच्या संवर्धनात आज प्रीबायोटिक खाद्यपूरके व रोगप्रतिकारशक्ती यांचा जो अभ्यास चालतो, त्याच्या दोन्ही धाग्यांचा उगम त्यांच्या कामात सापडतो.

प्रारंभिक जीवन आणि शिक्षण

मेच्निकोव्ह यांचा जन्म आजच्या युक्रेनमधील खारकीव्ह शहराच्या परिसरात एका जमीनदार कुटुंबात झाला. पाच भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. वडील इल्या इव्हानोविच हे झारच्या रक्षकदलात अधिकारी होते. आई एमिलिया या ज्यू वंशाच्या असून लेखक लेव्ह नेवाखोविच यांच्या कन्या होत्या. मुलाने शास्त्राकडे वळावे यासाठी आईनेच त्यांना विशेष प्रोत्साहन दिले. थोरल्या भावांपैकी लेव्ह हे पुढे भूगोलज्ञ म्हणून प्रसिद्धीस आले. दुसरे भाऊ इव्हान हे न्यायखात्यात होते. त्यांच्या आजारपणावरून व मृत्यूवरून लिओ टॉल्स्टॉय यांना ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ ही कथा सुचली, असे मानले जाते.

खारकीव्ह विद्यापीठातील चार वर्षांचा निसर्गशास्त्राचा अभ्यासक्रम मेच्निकोव्ह यांनी दोनच वर्षांत पूर्ण केला आणि १८६४ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ते पदवीधर झाले. त्यानंतर समुद्री प्राण्यांच्या अभ्यासासाठी ते जर्मनीजवळच्या हेलिगोलँड बेटावर गेले. तेथून ते गीसन येथे रुडॉल्फ लॉयकार्ट यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. सूत्रकृमींच्या जीवनचक्रावरील एका शोधाचे श्रेय आपल्याला पुरेसे मिळाले नाही, अशी त्यांची तक्रार होती आणि त्यावरून गुरुशिष्यांत वितुष्ट आले. मात्र गीसन येथेच १८६५ मध्ये एका चपट्या कृमीच्या शरीरात अन्नाचे पचन पोकळीत न होता थेट पेशींच्या आत होते, हे त्यांच्या नजरेस आले. त्या वेळी या निरीक्षणाला फारसे महत्त्व मिळाले नाही. पुढे सतरा वर्षांनी त्यांच्या सिद्धांताची बीजे त्यातच सापडली.

इटलीतील नेपल्स येथे त्यांची अलेक्झांडर कोवालेव्स्की यांच्याशी मैत्री झाली. दोघांनी मिळून अपृष्ठवंशी प्राण्यांच्या भ्रूणवाढीचा तौलनिक अभ्यास हाती घेतला. सेपिओला हा माखलीच्या वर्गातील प्राणी आणि नेबालिया हा कवचधारी प्राणी यांच्या भ्रूणवाढीवर मेच्निकोव्ह यांनी काम केले. या संशोधनाबद्दल दोघा मित्रांना कार्ल एर्न्स्ट फॉन बेअर पारितोषिक विभागून मिळाले. १८६७ मध्ये मेच्निकोव्ह ओडेसा येथील नोव्होरोसिया विद्यापीठात अध्यापक झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस होते. मध्यंतरी काही काळ सेंट पीटर्सबर्ग येथे शिकवून १८७० मध्ये ते प्राणिशास्त्र व तौलनिक शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक म्हणून ओडेसाला परतले.

वैयक्तिक जीवन

१८६९ मध्ये मेच्निकोव्ह यांचा विवाह ल्युदमिला फेओदोरोविच यांच्याशी झाला. ल्युदमिला यांना क्षयरोग होता. लग्नाच्या वेळी त्यांना इतका अशक्तपणा होता की खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. पत्नीच्या औषधपाण्यासाठी मेच्निकोव्ह यांनी मिळेल ते काम केले, उबदार हवेच्या ठिकाणी तिला घेऊन फिरले. परंतु १८७३ मध्ये मदैरा बेटावर ल्युदमिला यांचे निधन झाले. त्याच सुमारास त्यांची स्वतःची दृष्टीही अधू झाली होती. निराशेच्या भरात त्यांनी मॉर्फीन घेऊन आत्महत्येचा प्रयत्न केला, पण मात्रा अति झाल्याने उलटी होऊन ते बचावले.

१८७५ मध्ये त्यांनी ओल्गा बेलोकोपितोव्हा यांच्याशी दुसरा विवाह केला. ओल्गा चित्रकार व शिल्पकार होत्या आणि पुढे त्यांनी प्रयोगशाळेतील कामातही पतीला साहाय्य केले. या दांपत्याला अपत्य नव्हते. आईवडिलांच्या निधनानंतर ओल्गा यांच्या धाकट्या भावंडांचे पालकत्व दोघांनी सांभाळले. १८८० मध्ये ओल्गा विषमज्वराने गंभीर आजारी पडल्या. त्यानंतरच्या खचलेल्या मनःस्थितीत मेच्निकोव्ह यांनी आवर्ती ज्वराच्या रुग्णाचे रक्त स्वतःला टोचून घेतले. या दुखण्यातूनही ते बरे झाले. तरुणपणी इतके निराशावादी असलेले हे गृहस्थ पुढे दीर्घायुष्य आणि आशावाद या विषयांवर ग्रंथ लिहू लागले, ही त्यांच्या चरित्रातील लक्षणीय बाब आहे. ओल्गा यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र १९२० मध्ये फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाले. मेच्निकोव्ह यांच्याविषयीच्या बहुतेक नंतरच्या लेखनाचा ते मुख्य आधार आहे.

मेसिना आणि भक्षकपेशींचा शोध

१८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाली. त्यानंतर रशियातील विद्यापीठांवर सरकारी दडपण वाढले. कंटाळून मेच्निकोव्ह यांनी १८८२ मध्ये ओडेसातील पदाचा राजीनामा दिला आणि कुटुंबासह ते सिसिलीतील मेसिना या बंदरगावी राहण्यास गेले. तेथे घरातील बैठकीच्या खोलीतच त्यांनी सूक्ष्मदर्शक मांडला.

पुढे त्यांनी स्वतः सांगितलेल्या हकिकतीनुसार, एके दिवशी घरातील मंडळी सर्कशीतील माकडांचे खेळ पाहायला गेली होती आणि ते एकटेच तारामाशाच्या अळीचे निरीक्षण करीत होते. ही अळी काचेसारखी पारदर्शक असल्याने तिच्या शरीरात फिरणाऱ्या पेशी जिवंत अवस्थेत पाहता येतात. अन्न पचवणाऱ्या याच फिरत्या पेशी शरीराचे रक्षणही करीत असतील काय, असा प्रश्न त्यांच्या मनात आला. तसे असेल, तर शरीरात घुसलेल्या काट्याभोवती त्या गोळा व्हायला हव्यात. त्यांनी बागेतील गुलाबाचे काटे आणून काही अळ्यांच्या त्वचेखाली खुपसले. रात्रभर त्यांना झोप आली नाही. सकाळी पाहिले तेव्हा प्रत्येक काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला होता.

या प्रयोगाचे महत्त्व प्राण्याच्या निवडीत आहे. माणसाच्या बोटात काटा रुतला की सूज येते, लाली येते. हे रक्तवाहिन्यांचे कार्य आहे, असे तत्कालीन वैद्यक मानत असे. तारामाशाच्या अळीला रक्तवाहिन्या नाहीत, मज्जासंस्थेचाही या क्रियेशी संबंध नाही. तरीही पेशी जमा झाल्या. म्हणजे दाहाच्या मुळाशी पेशींची ही जुनी, सर्व प्राण्यांत आढळणारी क्रिया असली पाहिजे, असा निष्कर्ष मेच्निकोव्ह यांनी काढला. व्हिएन्ना येथील प्राणिशास्त्रज्ञ कार्ल क्लाउस यांनी या पेशींसाठी ग्रीक शब्दांवरून ‘फॅगोसाइट’ म्हणजे भक्षकपेशी हे नाव सुचवले. १८८३ मध्ये मेच्निकोव्ह यांनी हा विचार जाहीरपणे मांडला.

पाणपिसूवरील संशोधन

काटा हा काही रोगजंतू नव्हे. प्रत्यक्ष रोगात भक्षकपेशी काय करतात, हे दाखवणे बाकी होते. त्यासाठी मेच्निकोव्ह यांनी गोड्या पाण्याच्या डबक्यात राहणारी पाणपिसू निवडली. ही पाणपिसू कोळंबी, खेकडे यांच्याच कवचधारी गटातील असून तिचे शरीरही पारदर्शक असते. तिला एका यीस्टचा संसर्ग होत असे. मेच्निकोव्ह यांनी त्याला मोनोस्पोरा बिकस्पिडाटा असे नाव दिले.

या यीस्टचे बीजाणू सुईसारखे अणकुचीदार असतात. पाणपिसू ते अन्नाबरोबर गिळते. आतड्याची भिंत भेदून ते शरीरपोकळीत शिरतात. तेथे रक्तपेशी त्यांना वेढतात, गिळतात आणि त्यांचे तुकडे करून पचवतात. हे काम वेळेत झाले तर पाणपिसू बरी होते. बीजाणू संख्येने जास्त असले आणि त्यांतून यीस्टच्या कळ्या फुटू लागल्या, तर उलट रक्तपेशीच विरघळून नष्ट होतात आणि प्राणी मरतो. ही संपूर्ण झुंज जिवंत प्राण्यात, एकेका पेशीच्या पातळीवर, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी पाहिली. १८८४ मध्ये रुडॉल्फ फिर्खो यांच्या नियतकालिकात हा निबंध प्रसिद्ध झाला. रोग म्हणजे जंतू आणि शरीरातील पेशी यांच्यातील संघर्ष होय, ही कल्पना प्रत्यक्ष निरीक्षणाने सिद्ध करणारा हा पहिला मोठा पुरावा मानला जातो.

त्यापूर्वी, १८७९ मध्ये, मेच्निकोव्ह यांनी युक्रेनमधील गव्हाचे नुकसान करणाऱ्या भुंगेऱ्यावर वाढणाऱ्या हिरव्या बुरशीचाही अभ्यास केला होता. ही बुरशी मुद्दाम वाढवून कीडनियंत्रणासाठी वापरता येईल, असे त्यांनी सुचवले होते. आज मेटारायझियम या नावाने ओळखली जाणारी ही बुरशी महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनाही जैविक कीडनाशक म्हणून परिचित आहे.

ओडेसा ते पॅरिस

१८८६ मध्ये ओडेसा येथे अलर्करोगावरील (रेबीज) लस देण्यासाठी रशियातील पहिली जीवाणुशास्त्रीय संस्था स्थापन झाली आणि मेच्निकोव्ह तिचे संचालक झाले. मात्र ते वैद्य नसल्याने त्यांना रुग्णांवर उपचार करण्याचा अधिकार नव्हता आणि स्थानिक डॉक्टरांचा विरोध सतत सहन करावा लागे. ते रजेवर असताना संस्थेच्या काळपुळी (अँथ्रॅक्स) लसीच्या प्रयोगात हजारो मेंढ्या दगावल्या. या घटनेनंतर ओडेसात राहणे अशक्य झाले. १८८८ मध्ये लुई पाश्चर यांनी त्यांना पॅरिसमधील नव्या पाश्चर संस्थेत प्रयोगशाळा देऊ केली. पुढील अठ्ठावीस वर्षे, म्हणजे मृत्यूपर्यंत, ते तेथेच होते.

ओडेसातील त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी वाल्डेमार हाफकिन हे १८८९ मध्ये पाश्चर संस्थेत आले. तेथे त्यांनी पटकीची (कॉलरा) लस तयार केली, १८९३ मध्ये ते भारतात आले आणि १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस तयार करून तिची पहिली चाचणी स्वतःवर घेतली. परळ येथील हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मेच्निकोव्ह यांच्या शिष्यपरंपरेचा महाराष्ट्राशी असलेला हा थेट संबंध होय.

प्रतिकाराविषयीचा वाद

भक्षकपेशींच्या सिद्धांताला जर्मनीतून तीव्र विरोध झाला. जंतूंचा नाश रक्तातील द्रव घटक करतात. पेशी केवळ मेलेल्या जंतूंची साफसफाई करतात, असे विरोधकांचे म्हणणे होते. १८९० मध्ये एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी घटसर्प व धनुर्वात यांवरील प्रतिविषे रक्तद्रवात दाखवून दिली, तेव्हा तर पेशीपक्षाचा पराभव झाला असे अनेकांना वाटले. विशेष म्हणजे, रक्तद्रवातील ज्या घटकाला आज पूरक प्रथिन संस्था म्हणतात, त्यावरील महत्त्वाचे काम ज्यूल बोर्दे यांनी मेच्निकोव्ह यांच्याच प्रयोगशाळेत केले.

मेच्निकोव्ह यांनी माघार घेतली नाही. दाहाच्या तौलनिक विकृतिशास्त्रावरील त्यांची व्याख्याने १८९२ मध्ये आणि संसर्गजन्य रोगांतील प्रतिकारशक्तीवरील त्यांचा मोठा ग्रंथ १९०१ मध्ये प्रसिद्ध झाला. अमीबापासून माणसापर्यंत प्राण्यांची ओळच त्यांनी या लेखनात उभी केली. प्रतिपक्षाचे आक्षेप ते इतके मनाला लावून घेत की प्रत्येक टीकेला नव्या प्रयोगाने उत्तर देणे हा त्यांचा परिपाठच झाला. १९०३ मध्ये लंडनमध्ये आल्मरोथ राइट आणि स्टुअर्ट डग्लस यांनी रक्तद्रवातील काही घटक जंतूंना भक्षकपेशींसाठी ‘खाण्याजोगे’ बनवतात असे दाखवले आणि दोन्ही बाजूंत तडजोडीची वाट निघाली. १९०८ चे नोबेल पारितोषिक पेशीपक्षाचे मेच्निकोव्ह आणि द्रवपक्षाचे एर्लिख यांना एकत्र देण्यात आले.

तरीही पुढील अर्धशतकाहून अधिक काळ प्रतिपिंडांचेच संशोधन आघाडीवर राहिले. भक्षकपेशींवर आधारलेली जन्मजात प्रतिकारशक्ती ही काहीशी ओबडधोबड, दुय्यम व्यवस्था समजली जाई. १९९६ मध्ये ज्यूल हॉफमान व सहकाऱ्यांनी फळमाशीत ‘टोल’ या जनुकाची बुरशीविरुद्धच्या संरक्षणातील भूमिका दाखवल्यानंतर हे चित्र बदलले. २०११ चे नोबेल पारितोषिक ज्या कामांना मिळाले त्यांत या शोधाचा समावेश होता. अपृष्ठवंशी प्राण्यांकडून प्रतिकारशक्ती समजून घेण्याचा मेच्निकोव्ह यांचा मार्ग अशा रीतीने पुन्हा प्रतिष्ठित झाला.

आतड्यातील जीवाणू आणि आहार

आयुष्याच्या उत्तरार्धात मेच्निकोव्ह वार्धक्याच्या कारणांकडे वळले. १९०३ मधील मानवी स्वभावावरील ग्रंथात त्यांनी या अभ्यासाला ‘जेरोंटॉलॉजी’ (वार्धक्यशास्त्र) हे नाव दिले. मोठ्या आतड्यात अन्न कुजवणारे जीवाणू विषारी पदार्थ तयार करतात, ते रक्तात मिसळतात आणि शरीर अकाली जर्जर होते, असे त्यांचे मत होते. दूध आंबवणारे जीवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात व आम्लात कुजवणारे जीवाणू वाढत नाहीत. म्हणून आंबवलेले दूध नियमित घेतल्यास आतड्यातील वस्तीचा तोल सुधारेल, असे त्यांनी सुचवले. बल्गेरियातील दीर्घायुषी शेतकऱ्यांच्या आहारात आंबट दूध असते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. तेथील दह्यातील जीवाणू १९०५ मध्ये स्टामेन ग्रिगोरोव्ह यांनी जिनिव्हात ओळखला होता.

१९०७ च्या त्यांच्या ग्रंथानंतर युरोप-अमेरिकेत आंबट दुधाची व त्याच्या गोळ्यांची लाट आली. औषधविक्रेत्यांनी त्यांच्या नावाचा सढळ वापर केला. ताक-दही रोजच्या जेवणात असलेल्या मराठी वाचकाला या उत्साहाचे काहीसे नवल वाटेल. शास्त्रीय दृष्ट्या मात्र या सिद्धांताच्या काही बाजू टिकल्या नाहीत. आतड्यातील विषांमुळे वार्धक्य येते ही कल्पना त्यांनी मांडलेल्या स्वरूपात मागे पडली. तिच्या नावाखाली काही शल्यविशारदांनी रुग्णांचे मोठे आतडेच काढून टाकण्याचा मार्ग पत्करला, हे त्या काळातील एक दुःखद प्रकरण आहे. बल्गेरियन जीवाणू माणसाच्या आतड्यात टिकून राहत नाही, असेही पुढे आढळले.

केवळ जीवाणू देऊन भागत नाही, त्यांना आतड्यात पोहोचणारे खाद्यही हवे, ही अडचण स्वतः मेच्निकोव्ह यांच्या लक्षात आली होती. बहुतेक साखर मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचण्याआधीच शोषली जाते. म्हणून अखेरच्या वर्षांत त्यांनी कुत्र्याच्या आतड्यात सापडलेल्या, पिष्टापासून साखर तयार करणाऱ्या एका जीवाणूवर प्रयोग केले. लॅक्टिक जीवाणूंना जागच्या जागी साखर मिळावी हा त्यामागील हेतू होता. १९२१ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठातील लिओ रेटगर आणि हॅरी चेप्लिन यांनी दुग्धशर्करा व डेक्स्ट्रिन खाऊ घालून आतड्यातील जीवाणूंची वस्ती बदलता येते, हे दाखवले. १९९५ मध्ये ग्लेन गिब्सन आणि मार्सेल रॉबरफ्रॉइड यांनी अशा पदार्थांना ‘प्रीबायोटिक’ हे नाव दिले. स्वतः न पचता आतड्यातील निवडक उपकारक जीवाणूंची वाढ करणारा अन्नघटक, असा त्याचा तेव्हाचा अर्थ होता.

कोळंबी संवर्धनातील संदर्भ

मेच्निकोव्ह यांनी कोळंबीवर काम केले नव्हते. तथापि, त्यांच्या दोन्ही कल्पना ज्या क्षेत्रात सर्वाधिक व्यावहारिक निकडीने एकत्र आल्या, ते क्षेत्र कोळंबी संवर्धनाचे आहे. कोळंबीच्या शरीरात पृष्ठवंशी प्राण्यांसारखे प्रतिपिंड तयार होत नाहीत. त्यामुळे गुरांना किंवा कोंबड्यांना देतात त्या प्रकारची लस तिच्यासाठी उपलब्ध नाही. तिचे रक्षण करतात त्या रक्तपेशी. त्या जंतू गिळतात, मोठ्या परकीय कणांभोवती थर रचून त्यांना कोंडतात आणि काही पेशी आपल्या कणिकांतील विकरे बाहेर सोडतात. त्या विकरांमुळे जखमेच्या जागी काळे मेलॅनिन जमते. कोळंबीच्या कवचावर दिसणारे काळे डाग हे अनेकदा या झुंजीचेच अवशेष असतात. १८८४ च्या निबंधात वर्णिलेली व्यवस्था हीच आहे.

१९९० च्या दशकात पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणुजन्य रोगाने आशियातील कोळंबी तलाव उद्ध्वस्त केले. भारतातही १९९४ पासून हा रोग पसरला आणि अनेक शेतकरी कर्जबाजारी झाले. जीवाणूंच्या रोगांवर प्रतिजैविके वापरण्याचा मार्गही पुढे बंद होत गेला. निर्यातीच्या मालात क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान यांचे अंश सापडू लागल्यावर युरोपीय बाजारपेठेने कडक तपासणी सुरू केली. २००९ पासून चीन व आग्नेय आशियात लवकर मृत्यूचा रोग (ईएमएस) पसरला. व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस या जीवाणूचे काही प्रकार कोळंबीच्या जठरात वस्ती करून विष सोडतात आणि यकृत-स्वादुपिंड नष्ट करतात, असे २०१३ मध्ये सिद्ध झाले. पेरणीनंतर महिन्याभरातच तलाव रिकामा होऊ लागला. अशा परिस्थितीत लस नाही, प्रतिजैविकही नाही. मग उरतो तो खाद्याचा मार्ग.

खाद्यात मिसळले जाणारे पदार्थ स्थूलमानाने दोन रीतींनी काम करतात. इन्युलिन, फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड यांसारख्या शर्करा आतड्यातील काही जीवाणूंचे खाद्य बनतात आणि व्हिब्रिओसाठी जागा कमी उरावी अशी अपेक्षा असते. यीस्टच्या पेशीभित्तिकेतील बीटा-ग्लुकन मात्र थेट रक्तपेशींना जागे करते. बुरशी शरीरात शिरली आहे असा संकेत त्यातून मिळतो आणि रोगजंतू नसतानाही संरक्षणव्यवस्था सज्ज होते. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात केनेथ सोडरहॉल व सहकाऱ्यांनी क्रेफिशवर केलेल्या प्रयोगांतून ही यंत्रणा उलगडली. यीस्टच्याच भित्तिकेतील मॅनन-ऑलिगोसॅकराइड काही जीवाणूंना चिकटून त्यांना आतड्याच्या अस्तरापासून दूर ठेवतात, असे मानले जाते. काटेकोरपणे पाहिले तर बीटा-ग्लुकन हे प्रीबायोटिकपेक्षा प्रतिकार-उत्तेजक अधिक आहे, परंतु बाजारात दोन्ही एकाच नावाखाली विकले जातात.

या उपायांच्या मर्यादाही आहेत. प्रीबायोटिकची मूळ व्याख्या माणसाच्या मोठ्या आतड्यावर बेतलेली आहे. कोळंबीचे आतडे म्हणजे एक आखूड, सरळ नळी असून खाद्य त्यातून काही तासांतच बाहेर पडते. शिवाय ती तलावातील पाण्याबरोबर आणि तळाच्या गाळाबरोबर सतत नवे जीवाणू गिळत असते. तिच्या जठराला व पश्च आतड्याला आतून कायटिनचे अस्तर असते, पण मध्य आतड्याला ते नसते. पाणपिसूप्रमाणेच तिच्याही शरीरात अनेक रोगजंतू आतड्याच्या वाटेने शिरतात. प्रयोगशाळेतील टाक्यांत प्रीबायोटिकने जगण्याचे प्रमाण वाढल्याचे अनेक अहवाल आहेत, तसेच काहीच फरक न पडल्याचेही आहेत. मात्रा, कालावधी, पाण्याची क्षारता आणि कोळंबीचे वय यांवर निकाल बदलतात. बीटा-ग्लुकन दीर्घकाळ सतत दिल्यास प्रतिसाद मंदावतो, म्हणून ते अधूनमधून देण्याची पद्धत सुचवली जाते. पालघर, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील निमखाऱ्या पाण्याच्या तलावांत कोळंबी वाढवणाऱ्यांसाठी या मर्यादा महत्त्वाच्या आहेत. रोगमुक्त बीज, तळाची स्वच्छता आणि मर्यादित पेरणी यांची जागा कोणतेही खाद्यपूरक घेऊ शकत नाही. आंबट दुधाच्या लाटेत जे घडले, तेच येथेही थोड्या प्रमाणात घडलेले दिसते: मूळ कल्पनेत तथ्य होते, विक्रीतील दावे मात्र पुराव्याच्या पुढे धावले.

अखेरची वर्षे आणि निधन

१९०३ पासून मेच्निकोव्ह यांनी एमिल रू यांच्यासह उपदंशावर काम केले. या रोगाची लागण चिंपांझींना करता येते, हे त्यांनी दाखवले. १९०९ मध्ये त्यांनी यास्नाया पोल्याना येथे टॉल्स्टॉय यांची भेट घेतली. शास्त्राने मानवी जीवनाचे प्रश्न सुटतील या मेच्निकोव्ह यांच्या विश्वासाशी टॉल्स्टॉय सहमत नव्हते, तरी भेट सौहार्दाची झाली. १९११ मध्ये क्षयरोगाच्या अभ्यासासाठी ते काल्मिक गवताळ प्रदेशातील मोहिमेवर गेले.

पहिल्या महायुद्धाने त्यांची प्रयोगशाळा ओस पडली. तरुण सहकारी रणभूमीवर गेले. मेच्निकोव्ह यांचे हृदय आधीपासून दुर्बळ होते आणि १५ जुलै १९१६ रोजी, वयाच्या ७१ व्या वर्षी, पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. आपल्या शरीराचे शवविच्छेदन व्हावे अशी इच्छा त्यांनी व्यक्त केली होती. त्यांच्या अस्थींचा कलश पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवलेला आहे.

सन्मान

नोबेल पारितोषिकाखेरीज लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना १८९५ मध्ये परदेशी सदस्यत्व आणि १९०६ मध्ये कॉप्ली पदक दिले. ज्या ओडेसा विद्यापीठातून त्यांना राजीनामा देऊन बाहेर पडावे लागले, ते आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. पाणपिसूत रोग निर्माण करणाऱ्या यीस्टच्या प्रजातीला १८९९ मध्ये मेच्निकोव्हिया असे नाव देण्यात आले. मेच्निकोव्हिया बिकस्पिडाटा हे तेच यीस्ट अलीकडच्या काळात तैवानमधील गोड्या पाण्यातील संवर्धित कोळंबीत आणि चीनमधील खेकड्यांत रोगकारक म्हणून आढळले आहे. लागण झालेल्या खेकड्यांचे रक्त दुधासारखे पांढरे होत असल्याने तेथे त्याला दुधी रोग म्हणतात.